हौसाक्काची मंगलाष्टकं आणि ठकाजीमामा

गाव म्हटलं की त्यात एक मारुती असतो, एक पार असतो आणि एक भोळा असतो. आपल्या गोष्टीतल्या गावातला भोळा म्हणजे ठकाजी. नाव ठकाजी, पण जन्मात कुणाला ठकवलं नाही. स्वतः मात्र रोज ठकायचा.

मूर्ख म्हणू नका हं त्याला. मूर्खाला सांगितलेलं कळत नाही. ठकाजीला सगळं कळायचं. सांगाल ते शब्दन् शब्द करायचा, एक काना इकडचा तिकडं व्हायचा नाही. पंचाईत तिथंच व्हायची.

ठकाजीची थोरली बहीण हौसाक्का. तिचा नवरा लवकर गेला. पदरी एक लेक, कावेरी. हौसाक्काला गाण्याचं भारी वेड. भाकरी थापता थापता गाणी रचायची, चाली लावायची. गल्लीतला अनंता टेलर शिलाई मशीन बंद केलं की पेटी उचलून तिच्याकडं यायचा. मग दोघं स्वयंपाकघरात बसून गाणं फोनमध्ये भरायची आणि 'घरचं गाणं' नावाच्या ग्रुपवर पाठवायची.

त्या ग्रुपवर सगळी हौशी मंडळी. कुणी दुकानात गिऱ्हाईक नसलं की बासरी वाजवून पाठवायचा. कुणी धार काढताना गायचा, मागून म्हैस साथ द्यायची. एकमेकांचं ऐकायचं, 'वा वा' लिहायचं आणि लगेच आपलं पाठवायचं, अशी तिथली रीत. कावेरीचं लग्नही त्या ग्रुपवरच जुळलं. ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या सगुणाबाई तिथं गाणी पाठवायच्या. त्यांना आधी हौसाक्काची गाणी आवडली, मग हौसाक्काची लेक आवडली, आणि मग ती त्यांच्या उमेशला आवडली. याच क्रमानं.

लग्न ठरलं तशी हौसाक्कानं लेकीसाठी स्वतः मंगलाष्टकं रचली. शेवटचं कडवं खास विहीणबाईंसाठी होतं. 'माझी लेक निघे तुझ्या घरि सखे, सांभाळ माये तिला.'

"पोरीला बाप नाही," ती अनंताला म्हणाली. "सांगायचं ते मलाच सांगायला हवं. पण मांडवात उभी राहून म्हणायला गेले, तर पहिल्याच ओळीला गळा भरून येईल. घरी रेकॉर्ड करू आणि मांडवात लावू. माझा आवाज तेवढा लेकीजवळ उभा राहू दे."

हे ऐकून ठकाजी कोपऱ्यात फुगून बसला. नवरीचा मामा तो. मामाचा मान असतो, मामाला काम हवं. रुसलेला मामा म्हणजे लग्नघरातलं कुसळ. म्हणून हौसाक्कानं फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "रेकॉर्डिंग तुझ्याकडं."

ठकाजी खुलला. आणि इथून पुढं काय झालं ते आता ऐका. मधे हसू नका, मला सांगताना अडखळायला होतं.

पहिल्या दिवशी अनंतानं सूर धरला, हौसाक्कानं तोंड उघडलं, ठकाजीनं फोन चालू केला. पहिल्या ओळीला कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या ओळीला कोंबडा आरवला. तिसऱ्या ओळीला भिंतीवरच्या घड्याळानं टोले दिले. अनंतानं कपाळाला हात लावला.

"ठकाजी, रेकॉर्डिंगच्या आधी जे जे आवाज करतं ते घराबाहेर काढायचं. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"जे जे आवाज करतं ते घराबाहेर."

दुसऱ्या दिवशी ठकाजी अंघोळ करून कामाला लागला. कोंबडा बाहेर काढला. कुकर बाहेर, घड्याळ बाहेर, मिक्सर बाहेर. पाळणा करकरतो म्हणून माळ्यावरनं काढून तोही बाहेर. मग त्याची नजर पेटीवर गेली. केवढा आवाज करते! पेटी बाहेर. अनंता आला, त्याला दारातच थांबवलं. मग तो हौसाक्काला म्हणाला, "अक्का, जरा अंगणात ये."

हौसाक्काला वाटलं कुणी पाहुणा आला. ती पदराला हात पुसत बाहेर आली. शेवटी ठकाजीच्या ध्यानात आलं, की आवाज आपणही करतो. त्यानं फोन चालू करून पाटावर ठेवला, स्वतः बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

"काय रे, काय चाललंय?" हौसाक्कानं विचारलं.

"श्श! रेकॉर्डिंग चाललंय."

तेवढ्यावर थांबला असता तरी भागलं असतं. पण त्यानं ते ग्रुपवर पाठवूनही दिलं. वर लिहिलं, 'हौसाक्काची मंगलाष्टकं'. बासरीवाल्यानं लिहिलं, 'खरखर अजिबात नाही, कसं जमवलंत?' म्हशीवाल्यानं लिहिलं, 'डोळ्यांत पाणी आलं.' एका जाणकारानं लिहिलं, 'सगळं छान, फक्त शेवटी जरा घाई झाली.'

हौसाक्कानं डोकं धरलं. "अरे शहाण्या, गाणारं माणूस आत ठेवायचं असतं! दारं लाव, खिडक्या लाव, सगळीकडनं गोधड्या लाव. आतला आवाज बाहेर जाता कामा नये. कळलं?"

"कळलं. दारं, खिडक्या, गोधड्या. आतला आवाज बाहेर नाही."

या वेळी काम फत्ते झालं. मंगलाष्टकांच्या आधी सराव म्हणून हळदीचं एक गाणं भरलं, ते असं स्वच्छ आलं की अनंतानं पेटीला हात जोडले. ठकाजीची छाती फुगली. हौसाक्का म्हणाली, "साखरपुड्याला हेच लावू. विहीणबाईंना गाण्याची आवड आहे, खूश होतील."

साखरपुडा भर वैशाखातला. मुलाकडची मंडळी येऊन बसली. ठकाजीनं दारं लावली, खिडक्या लावल्या. घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या, शेजारणीच्याही मागून आणल्या, आणि स्पीकर असा गुंडाळला की वरनं बघणाऱ्याला वाटावं, कुणी म्हातारं हिवतापानं पडलंय. मग गाणं लावलं आणि हात बांधून उभा राहिला.

पाहुणे घामानं निथळत होते. कुणी टोपीनं वारा घेतला, कुणी पत्रिकेनं. विहीणबाईंनी बराच वेळ वाट बघितली.

"मामा, गाणं लावणार होता ना?"

"लागलंय की," ठकाजी म्हणाला. "मन लावून ऐका."

सगुणाबाई पडल्या भिडस्त. त्या उठल्या, गोधडीला कान लावला, आणि सगळ्यांकडं बघत मान डोलवायला लागल्या. त्यांचं बघून बाकीच्या बायकाही कान लावायला रांगेत उभ्या राहिल्या. ऐकू कुणालाच आलं नाही, पण नाही म्हणायचं कुणी?

पाहुणे गेल्यावर अनंता उसळला. "ठकाजी! गोधड्या रेकॉर्ड करताना. ऐकवताना नाही! ऐकवताना स्पीकर उंचावर बांधायचा, आवाज मोठा सोडायचा. नुसत्या गावाला काय, ओढ्यापलीकडं ऐकू गेलं पाहिजे. आवाज लपवायचा नसतो. कळलं?"

"कळलं. उंचावर, मोठ्यानं, ओढ्यापलीकडं. लपवायचा नाही."

ठकाजीनं त्याच संध्याकाळी स्पीकर दारातल्या कडुनिंबाच्या शेंड्याला बांधला आणि ऐकवायला काही येतंय का याची वाट बघत बसला. दोन-चार दिवसांनी हौसाक्का लग्नाच्या साड्या घ्यायला तालुक्याला गेली. वाटेत तिनं ग्रुपवर विहीणबाईंनी पाठवलेलं नवं गाणं ऐकलं. मग गाडीतूनच भावाच्या फोनवर बोलून निरोप पाठवला. अक्काचा आवाज आला म्हटल्यावर ठकाजी लगबगीनं उठला आणि तो कडुनिंबावरनं सोडला.

"विहीणबाईंचं गाणं ऐकलंस का रे ठका? अगंबाई, गाणं म्हणायचं का काय ते! त्यापेक्षा विहिरीवरचा रहाट बरा करकरतो. पण त्यांना सांगू नकोस हो, माणूस सोन्यासारखं आहे, उगीच वाईट वाटेल."

ओढ्यापलीकडं सगुणाबाई खाटेवर कुरडया वाळत घालत होत्या. हातातली कुरडई हातातच राहिली. आणि एकदा ऐकून कुणाला कळलं नसेल म्हणून ठकाजीनं निरोप परत लावला.

हौसाक्का परत आली तेव्हा गावानं तिला वेशीतच बातमी दिली. घरी येऊन तिनं साड्यांची पिशवी खाली टाकली. "मेल्या, तुला सांगितलं होतं ना, विहीणबाईंना सांगू नकोस म्हणून?"

"मी कुठं सांगितलं?" ठकाजी खरोखर दुखावला. "मी एक शब्द बोललो नाही. तूच बोललीस."

हौसाक्का खण-नारळ घेऊन ओढ्यापलीकडं गेली. विहिणीची ओटी भरली, हात जोडले, चुकले म्हणाली. सगुणाबाईंनी ओटी घेतली, पण तोंड फिरवूनच. "लग्न मोडणार नाही मी," त्या म्हणाल्या. "पोरगी गुणाची आहे. पण आमचा रहाट ना? मग तुमची ती मंगलाष्टकं मांडवात लागायची असतील, तर त्यात एक चूक निघता कामा नये. एक जरी निघाली, तर तिथंच बंद करायला लावीन आणि पुढची भटजीबुवा म्हणतील."

हौसाक्का रडतच घरी आली. शेवटचं कडवं ज्यांच्यासाठी रचलं त्याच आता चुका मोजायला बसणार होत्या. तिनं ठकाजीला समोर बसवलं. "ठका, कुणाबद्दल काही बोलायचं झालं, तर आरडाओरडा करायचा नाही. हातातलं काम संपू द्यायचं, मग जवळ जायचं, कानाशी लागायचं आणि हळूच सांगायचं. कळलं?"

"कळलं. काम संपू द्यायचं. मग कानात, हळूच."

मग मंगलाष्टकं भरायचा दिवस आला. दारं लावली, खिडक्या लावल्या, गोधड्या लावल्या, हौसाक्का आत ठेवली. अनंतानं येताना उमेशची शेरवानी शिवून आणली होती, ती अंगणात दोरीवर टांगली. गाणं सुरू झालं. गोधडीच्या फटीतून ठकाजीचा एक डोळा अंगणाकडं होता. हौसाक्का अशी गायली, अशी गायली, की अनंताचे हात पेटीवर आपोआप फिरत राहिले. शेवटचं 'सावधान' झालं. ठकाजी उठला, चवड्यावर चालत अनंताकडं गेला आणि त्याच्या कानाशी लागला.

"अनंता, बोकडानं शेरवानी खाल्ली."

"कधी?" अनंता किंचाळला.

"दुसऱ्या कडव्याला डावी बाही. तिसऱ्याला उजवी. आता कॉलरवर आलाय."

अनंता जो धावला तो पेटीवरनं. पेटीचा भाता फाटला, फोन पाटावरनं चुलीपुढच्या बादलीत पडला. गाणं गेलं. फोन वाळवल्यावर चालू झाला, पण त्यातलं काही राहिलं नाही. शेरवानीचं अनंतानं बिनबाह्यांचं जाकीट केलं आणि नवी तऱ्हा म्हणून खपवलं. पण हौसाक्कानं भिंतीला पाठ टेकली.

"ठका, ऐक बाबा," ती दमून म्हणाली. "काही बिघडलं की तिथल्या तिथं ओरड. 'थांबा' म्हण. आणि सगळं पहिल्यापासून घ्यायचं. मधूनच जोडायचं नाही, ठिगळ लावायचं नाही. कितीही वेळ लागू दे, पहिल्यापासून."

"कळलं. बिघडलं की थांबा. पहिल्यापासून."

काय सांगू तुम्हाला, हा धडा ठकाजीला असा लागू पडला! माशी गुणगुणली, ठकाजी ओरडला, "थांबा! पहिल्यापासून!" अनंता शिंकला, "थांबा! पहिल्यापासून!" हौसाक्कानं 'सखे'वर नुसता श्वास चोरला, तरी "थांबा!" सकाळी बसलेली मंडळी दुपार कलली तेव्हा उठली. पण मंगलाष्टकं अशी भरली, की ग्रुपवरच्या त्या जाणकारालाही नाव ठेवायला जागा सापडली नाही. हौसाक्कानं भावाच्या पाठीवरून हात फिरवला. "ठका, आज बरोबर केलंस बघ."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला असं म्हटलं होतं. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाकीचे धडे तो विसरला असेल-नसेल, पण हा त्यानं काळजावर कोरून घेतला.

लग्नाचा दिवस उजाडला. मारुतीच्या देवळापुढं मांडव. ओढ्यापलीकडनं वऱ्हाड आलं. ग्रुपवरची झाडून सगळी मंडळी आली, एकमेकांना आवाजावरनं ओळखायला लागली. उमेश जाकीट घालून पाटावर उभा, मधे अंतरपाट, अलीकडं कावेरी, आणि तिच्यामागं तिचा मामा, फेटा बांधून, खिशात फोन घेऊन. सगुणाबाई पहिल्या रांगेत, कान टवकारून. हौसाक्का खांबाला धरून उभी होती. भटजीबुवांनी खूण केली, ठकाजीनं फोनवर बोट दाबलं.

हौसाक्काचा आवाज मांडवात उभा राहिला. स्वच्छ. पहिलं कडवं झालं, लोकांनी अक्षता टाकल्या. दुसरं झालं. सगुणाबाई चूक शोधत होत्या, ती सापडेना. शेवटचं कडवं लागलं. 'माझी लेक निघे तुझ्या घरि सखे...' आणि खांबाजवळ हौसाक्काला मोठ्यानं हुंदका आला.

"थांबा!" ठकाजी गरजला. "बिघडलं! पहिल्यापासून!"

त्यानं गाणं थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. भटजीबुवा गडबडले, पण मामाचा मान, बोलणार कोण? पुन्हा कडवी झाली, पुन्हा अक्षता पडल्या. शेवटच्या कडव्याला या वेळी कावेरीला हुंदका फुटला.

"थांबा! पहिल्यापासून!"

तिसऱ्यांदा त्याच जागी सगुणाबाईंनीच पदरात नाक शिंकरलं. "थांबा!" अक्षता संपल्या, लोक खाली पडलेल्या वेचायला लागले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले.

"अहो मामा," सगुणाबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "राहू दे आता ती चूक. पुढं जाऊ द्या."

"असं कसं? तुम्हीच म्हणालात, एक चूक नको."

"मुहूर्त टळतोय!" भटजीबुवा ओरडले.

ठकाजी विचारात पडला. त्याला फार वेळ लागला नाही. दर वेळी गाणं एकाच जागी बिघडतंय. म्हणजे चूक गाण्यात नाही, ती आधीच कुठंतरी झालीय. मधूनच जोडायचं नाही, ठिगळ लावायचं नाही. त्यानं पुढं होऊन नवऱ्याचा हात धरला आणि त्याला मांडवाबाहेर घेऊन निघाला.

आता कुणीतरी अडवायला नको होतं का? पण लग्नातली माणसं तुम्हाला माहीत आहेत. मुलाकडच्यांना वाटलं, ही मुलीकडची रीत असेल. मुलीकडच्यांना वाटलं, ही मुलाकडची रीत असेल. नवऱ्याला वाटलं, दोघांचीही असेल. बँडवाल्यांना काहीच वाटलं नाही, ते वाजवत मागून निघाले. त्यांच्यामागं अख्खं वऱ्हाड, त्यात नवरी, आणि सगळ्यांच्या मागं भटजीबुवा, एका हातात अंतरपाट आणि दुसऱ्यात घड्याळ.

वरात हौसाक्काच्या घरात शिरली. ठकाजीनं उमेशला स्वयंपाकघरात सतरंजीवर बसवलं. हौसाक्का धापा टाकत आली. रागानं लाल झाली होती.

"ठका, मेल्या, हे काय मांडलंयस?"

"पहिल्यापासून, अक्का."

"पहिल्यापासून म्हणजे कुठनं?"

"मुलगी बघायला आले तिथनं. पोहे टाक."

"घटका भरली!" भटजीबुवांनी टाहो फोडला. "जिथं आहात तिथं उभे राहा! मंगलाष्टकं म्हणा, नाहीतर मुहूर्त गेलाच!"

चुलीपुढंच अंतरपाट धरला. अलीकडं कावेरी, पलीकडं उमेश. ठकाजीनं फोन काढला. "ठेव तो खिशात!" हौसाक्का कडाडली, आणि त्याच दमात तिनं स्वतः सूर लावला. संतापानं रडू कुठल्या कुठं पळालं होतं. आणि पायाखाली तिचंच स्वयंपाकघर होतं, जिथं ती आजवर सगळी गाणी गायली होती. अनंतानं ठिगळ लावलेली पेटी ओढली. मांडवात भरून आला असता तो गळा इथं मोकळा वाहिला.

शेवटच्या कडव्याला ती विहिणीकडं वळली आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "माझी लेक निघे तुझ्या घरि सखे, सांभाळ माये तिला." सगुणाबाईंनी दोन्ही हातांनी तिचे हात धरले. ग्रुपवर चूक शोधायला ऐकून ऐकून पुढची ओळ त्यांना पाठ झाली होती. ती त्यांनी आपल्या रहाटाच्या आवाजात हौसाक्काबरोबर म्हटली. बेसूर होती, पण कुणाला तिचं काही वाटलं नाही. अंतरपाट दूर झाला, हार पडले, वेळेत. दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि सगळं घर पदरानं, उपरण्यानं डोळे पुसायला लागलं.

ठकाजी मात्र तिथं नव्हता. तो मागच्या पडवीत स्टोव्ह पेटवून बसला होता. थोड्या वेळानं तो ताटात पोह्यांच्या बशा मांडून गर्दीतून वाट काढत आला. कावेरीच्या डोक्यावरचा पदर त्यानं नीट केला, ताट तिच्या हातात दिलं, तिला नवऱ्यापुढं उभं केलं आणि सगुणाबाईंना हात जोडले.

"मुलगी नीट बघून घ्या. स्वयंपाक येतो, शिवण येतं. घाई नाही, घरी जाऊन विचार करा. पसंत असली तर कळवा."

गळ्यात हार घातलेल्या उमेशनं बिचाऱ्यानं सवयीनं आईकडं बघितलं. सगुणाबाईंनी डोळे पुसता पुसता हसून दोन्ही हात वर केले. "पसंत आहे हो मामा! शंभरदा पसंत आहे!"

ठकाजीचा जीव भांड्यात पडला. तो भटजीबुवांकडं वळला.

"मग काढा पंचांग. लग्नाला एखादा चांगला मुहूर्त बघा."